रक्तातला की गाठीतला? ल्युकेमिया आणि लिम्फोमाचं कोडिंग शिकणाऱ्यांसाठी

ऐरोलीत मेडिकल कोडिंगच्या, म्हणजे रुग्णाची कागदपत्रं (चार्ट) वाचून आजारांना ठरलेले कोड लावण्याच्या, नोकरीला लागून दुसराच महिना होता. माझा एक चार्ट ऑडिटमधून लाल होऊन परत आला. रुग्णाला डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा होता आणि तो बोन मॅरोत, म्हणजे अस्थिमज्जेत, पोचला होता. मी 'मॅरो' वाचलं, मॅरो म्हणजे रक्त, रक्त म्हणजे ल्युकेमिया असा हिशेब केला आणि सी९१ मधला कोड ठोकला. एवढ्यावर थांबले नाही. काही राहून जायला नको म्हणून सी७९.५२, म्हणजे मॅरोतल्या दुय्यम (दुसरीकडून पसरलेल्या) कर्करोगाचा कोडही जोडला. एका चार्टात दोन चुका. आमच्या टीम लीडर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अगं, पेशी कुठे सापडली ते तुला कुणी विचारलंय का? आजाराचं नाव काय, ते बघ."

ठाणे, ऐरोली, महापे या पट्ट्यात दरवर्षी बी.एस्सी., बी.फार्म., बीएचएमएस, फिजिओथेरपी केलेली मुलं-मुली कोडिंगला लागतात. ऑन्कॉलॉजीचे चार्ट हातात आले की बहुतेकांचा घोळ इथेच होतो, म्हणून हे लिहिते आहे. चार्ट अमेरिकन रुग्णालयांचे असतात, त्यामुळे कोड आयसीडी-१०-सीएम या अमेरिकन आजारसूचीचे. स्क्रीनवर रोमन अक्षरं टाईप कराल, इथे मात्र फ्लोअरवर आपण बोलतो तसे 'सी ब्याऐंशी', 'झेड पंच्याऐंशी' लिहिलेत.

१. टेबलावर काय हवं

चालू वर्षाचं कोडबुक किंवा एन्कोडर (कोड शोधायचं सॉफ्टवेअर). 'चालू' या शब्दाखाली दोन रेघा मारा. अमेरिकेचं कोडवर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, आणि कोणता कोड चालेल ते रुग्ण डॉक्टरांकडे कधी गेला (भरती असेल तर डिस्चार्ज कधी झाला) त्या तारखेवरून ठरतं, तुम्ही चार्ट कधी उघडलात यावरून नाही.

अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांची पीडीएफ, त्यातलं दुसरं प्रकरण, निओप्लाझमचं, म्हणजे गाठी आणि कर्करोगांचं. फुकट मिळते, तरी फार कमी जण वाचतात.

क्लायंटच्या सूचनांची फाईल. एखाद्या मुद्द्यावर पुस्तक गप्प असेल तिथे क्लायंटचा नियम चालतो.

आणि एक दोनशे पानी वही. मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने जाताना लिम्फोमाचे प्रकार त्या वहीत उतरवायचे. ऐरोली येईपर्यंत दोन प्रकार होत, तेवढे पुरतात.

जुन्या बॅचच्या नोट्स मात्र घेऊ नका. का, ते तिसऱ्या पायरीत कळेल.

२. फरक, कोडरला लागेल तेवढाच

ल्युकेमियाचं मूळ बोन मॅरोत. तिथे बिघडलेल्या पांढऱ्या पेशी वाढतात आणि सहसा रक्तात उतरतात. लिम्फोमा लिम्फोसाइट या पेशींचा, आणि तो बहुधा लिम्फ नोडमध्ये (लसीका ग्रंथीत), प्लीहेत किंवा एखाद्या अवयवात गाठ धरतो. इथवर सगळ्यांना पाठ असतं. घोळ पुढे आहे, कारण लिम्फोमा मॅरोत जाऊ शकतो आणि ल्युकेमियातही मानेत गाठी येऊ शकतात. गाठ दिसली म्हणून लिम्फोमा नाही, मॅरो दिसला म्हणून ल्युकेमिया नाही.

माझ्या मामांना लिम्फोमा झाला होता. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग केंद्रात खेपा चालू असताना मामी एकदा म्हणाली, "रिपोर्टात रक्त चांगलं आहे म्हणतात, मग सगळे याला ब्लड कॅन्सर का म्हणतात गं?" तिचा प्रश्न बरोबर होता. बोलताना आपण ल्युकेमिया, लिम्फोमा आणि मायलोमा तिघांनाही ब्लड कॅन्सर म्हणून मोकळे होतो. पुस्तक तसं करत नाही. सी८१ ते सी९६ हा सगळा रक्त आणि लसीका पेशींचा मोहल्ला. त्यात लिम्फोमाची घरं सी८१ ते सी८६ (शिवाय सी८८ मध्ये काही), मायलोमा सी९० ला, आणि ल्युकेमिया सी९१ ते सी९५.

त्यातल्या त्यात:

सी८१ हॉजकिन. सी८२ फॉलिक्युलर. सी८३ नॉन-फॉलिक्युलर, यात मँटल सेल, डिफ्यूज लार्ज बी-सेल, लिम्फोब्लास्टिक, बर्किट येतात. सी८४ आणि सी८६ टी आणि एनके पेशींचे. सी८५ मध्ये इतर आणि प्रकार न कळलेले.

सी९१ लिम्फॉइड ल्युकेमिया, सी९२ मायलॉइड, सी९३ मोनोसायटिक, सी९४ इतर ठरावीक पेशींचे, सी९५ पेशीचा प्रकारच न कळलेले. सी८५.९ आणि सी९५.९ वापरायची वेळ आली तर चार्ट पुन्हा एकदा वरून वाचा. दहातल्या आठ वेळा प्रकार कुठेतरी लिहिलेला असतो, बहुधा पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात तळाशी.

हो, निओप्लाझम टेबलकडे जाऊ नका. फुफ्फुस, स्तन, आतडं यांच्या कर्करोगासाठी ते ठीक. इथे सरळ इंडेक्समध्ये 'ल्युकेमिया' किंवा 'लिम्फोमा' हा मुख्य शब्द काढायचा आणि मिळालेला कोड टॅब्युलरमध्ये, म्हणजे कोडांच्या क्रमवार यादीत, तपासायचा.

३. पाचवं अक्षर काय विचारतं

माझ्या मते सगळा विषय इथे उलगडतो.

ल्युकेमियाच्या कोडचं पाचवं अक्षर विचारतं: आजार आत्ता कोणत्या अवस्थेत आहे? ० म्हणजे रेमिशन (आजार दबणं) आलेलं नाही, १ म्हणजे रेमिशनमध्ये, २ म्हणजे उलटला, रिलॅप्स. सी९२.०० हा रेमिशन न आलेला अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, सी९२.०१ तोच आजार, पण दबलेला. शरीरात कुठे, हे ल्युकेमियाचा कोड विचारतच नाही. मॅरो आणि रक्त सगळीकडेच असतं.

लिम्फोमाच्या कोडचं (सी८१ ते सी८५) पाचवं अक्षर विचारतं: कुठे? १ डोकं, चेहरा, मान इथले नोड. २ छातीतले. ३ पोटातले. ४ काख आणि हात. ५ जांघ आणि पाय. ६ ओटीपोटातले. ७ प्लीहा. ८ एकापेक्षा जास्त ठिकाणचे नोड. ९ नोडच्या बाहेर, म्हणजे एखादा सॉलिड (भरीव) अवयव. ० म्हणजे जागा कळलेली नाही, आणि हे शून्य वापरण्याआधी पेट स्कॅनचा रिपोर्ट बघितला नसेल तर ऑडिटर तुम्हाला सोडणार नाही.

या फरकाचा एक फायदा आहे. चुकीच्या घरात शिरलात तर पाचवं अक्षर भरताना हात अडखळतो. 'सी९१ लावलाय, पण मानेतला नोड कुठे दाखवू?' असं वाटलं की थांबा. तुम्ही कदाचित लिम्फोमाचा चार्ट ल्युकेमियाच्या घरात नेताय. मलाही तो अडखळा आला होता, मी तो झटकून टाकला.

आता जुन्या नोट्सची गोष्ट. पूर्वी लिम्फोमाला रेमिशनचं अक्षरच नव्हतं. दबलेला लिम्फोमा चालू असल्यासारखाच कोड करायचा, हा नियम आम्ही घोकला होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून सी८१ ते सी८५ मध्ये 'इन रेमिशन'साठी शेवटी 'ए' आला. रेमिशनमधला डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा आता सी८३.३ए. त्याच दिवशी सी८३.३९ फुटून दोन झाले: मेंदू-मज्जासंस्थेतला प्रायमरी लिम्फोमा सी८३.३९० आणि नोडबाहेरच्या इतर अवयवांतला सी८३.३९८. सी८६ आणि सी८८ लाही रेमिशनचं शेपूट लागलं. नौपाड्यातल्या एका क्लासच्या झेरॉक्स नोट्समध्ये अजून जुनंच सापडतं, तेव्हा सावध.

लिम्फोमा उलटला तर? रिलॅप्सचं अक्षर लिम्फोमाला आजही नाही. पुन्हा जागा बघायची, जागेचा कोड.

माझा तो लाल चार्ट आता सोडवा. लिम्फोमा नोड सोडून दुसऱ्या अवयवात गेला तर त्या अवयवाचा दुय्यम कर्करोग कोड करायचा नाही, हे मार्गदर्शक तत्त्वात लिहिलेलं आहे. फुफ्फुस, मेंदू, अधिवृक्क ग्रंथी, कुठेही जाऊ दे. लिम्फोमाचाच 'नोडबाहेर' हा कोड घ्यायचा. मॅरोचंही तसंच. म्हणजे सी७९.५२ गेला, सी९१ गेला, उरला सी८३.३९८.

याची उलटी चूक पण होते. स्तनाचा कर्करोग काखेतल्या नोडमध्ये गेला, नोड वाचून पोरं लिम्फोमा लावतात. तो लिम्फोमा नाही, नोडमधला दुय्यम कर्करोग, सी७७. (रुग्णालयाच्या कॅन्सर रजिस्ट्रीतून आलेल्यांनी इथे जास्त जपा. रजिस्ट्री आयसीडी-ओ ही कर्करोगांची वेगळी सूची वापरते, आणि त्यात सी७७ म्हणजे नुसती लिम्फ नोड ही जागा, लिम्फोमालाही तीच. आकडा एक, अर्थ वेगळा.)

४. चार्ट कोणत्या क्रमाने वाचायचा

पहिलं, भेट कसली ते बघा: बाह्यरुग्ण की भरती. यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. बाह्यरुग्णाच्या चार्टात 'प्रॉबेबल', 'सस्पेक्टेड', 'रूल आऊट' लिहिलेलं निदान कोड करायचं नाही, लक्षणं करायची. भरती रुग्णाच्या डिस्चार्जच्या वेळी 'प्रॉबेबल' राहिलं असेल तर ते निश्चित असल्यासारखं कोड होतं. नियम विचित्र वाटेल, पण तसा आहे.

दुसरं, ऑन्कॉलॉजिस्टचं असेसमेंट. आजाराचं नाव इथून घ्यायचं.

तिसरं, पॅथॉलॉजी: बायोप्सी, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, फ्लो सायटोमेट्री, मॅरो. बाह्यरुग्णाच्या तपासणीत पॅथॉलॉजिस्टचा अंतिम रिपोर्ट हाताशी असेल तर त्यातलं निश्चित निदान घेता येतं. भरती रुग्णात मात्र नुसत्या रिपोर्टावरून कोड लावायचा नाही; उपचार करणाऱ्या डॉक्टरने ते मान्य केलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर क्वेरी, म्हणजे डॉक्टरला लेखी प्रश्न.

रिपोर्टातले काही मार्कर (पेशी ओळखायच्या खुणा) ओळखीचे करून घ्या. बीसीआर-एबीएल दिसलं की क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया आठवावा, पण तो अक्यूट लिम्फोब्लास्टिकमध्येही असू शकतो. सायक्लिन डी१ मँटल सेलकडे बोट दाखवतं, सीडी१५ आणि सीडी३० ही जोडी हॉजकिनकडे. हे सगळं डॉक्टरांचं लिखाण समजून घेण्यासाठी. मार्करवरून निदान करणं आपलं काम नाही, त्याचा पगारही आपल्याला मिळत नाही.

औषधांच्या यादीचंही तेच. रिटुक्सिमॅब दिसलं म्हणून लिम्फोमा नसतो, ते संधिवातालाही देतात. मेथोट्रेक्सेटही तसंच.

५. तिरकी रेघ असलेली नावं

'सीएलएल/एसएलएल'. या एका रेघेने फ्लोअरवर जितकी भांडणं लावलीत तितकी एसीच्या तापमानानेही लावली नसतील.

वैद्यकशास्त्राच्या लेखी क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया आणि स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा हा एकच आजार. पेशी तीच. रक्तात त्या क्लोनच्या बी पेशी मायक्रोलिटरला ५,००० किंवा जास्त असतील तर सीएलएल म्हणतात. त्याहून कमी आणि आजार मुख्यतः नोडमध्ये, तर एसएलएल. कोडबुक मात्र यांना दोन वेगळ्या घरांत ठेवतं, सी९१.१ आणि सी८३.०, आणि सी८३.० खाली एक्सक्लूड्स १ ची ('हे दोन सोबत नाही') पाटी लावून सीएलएलला आत येऊ देत नाही. म्हणजे 'दोन्ही लावू, कुणाचं काय जातंय' हा मार्ग बंद. आणि पेशी मोजून आपण ठरवायचं, हाही बंद. डॉक्टरने इतर नोंदींत एकच नाव स्पष्ट घेतलं असेल तर ते. सगळीकडे रेघच असेल तर क्वेरी.

लिम्फोब्लास्टिकचंही असंच जोडनाव असतं. छातीत मोठी गाठ असलेला किशोरवयीन मुलगा, मॅरोत थोडे ब्लास्ट (अपरिपक्व पेशी). डॉक्टर बहुधा मॅरोतले ब्लास्ट २५ टक्क्यांच्या अलीकडे की पलीकडे हे पाहून लिम्फोमा किंवा ल्युकेमिया म्हणतात. लिम्फोमा म्हटलं तर सी८३.५, अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया म्हटलं तर सी९१.०. बर्किटही दोन घरांत आहे: लिम्फोमा सी८३.७, आणि बर्किट-टाईप ल्युकेमिया सी९१.ए. अडल्ट टी-सेल लिम्फोमा/ल्युकेमिया मात्र बिचारा रेघेसकट एका घरात राहतो, सी९१.५ मध्ये.

६. फसवी नावं

मायकोसिस फंगॉइडिस: बुरशी नाही, त्वचेतला टी-सेल लिम्फोमा, सी८४.०. मायलॉइड सार्कोमा: गाठ असते, नावात सार्कोमा असतो, पण घर ल्युकेमियाचं, सी९२.३. वाल्डेनस्ट्रॉम: नावात दोन्हीपैकी काहीच नाही, तरी लिम्फोमाचाच प्रकार, सी८८.०. ल्युकेमॉइड रिॲक्शन: हा कर्करोगच नाही. जंतुसंसर्गासारख्या कारणाने पांढऱ्या पेशी इतक्या वाढतात की ल्युकेमियासारखं दिसतं, कोड डी७२.८२३. एखाद्या माणसाच्या विम्याच्या नोंदीत चुकून ल्युकेमिया चिकटला तर तो काढताना त्याची काय दमछाक होईल, याचा विचार करून हा शब्द दोनदा वाचा.

रिश्टर सिंड्रोममध्ये सीएलएलचं रूपांतर आक्रमक लिम्फोमात होतं. तरी इंडेक्स पाठवतो सी९१.१ कडेच. तर्क लढवण्याआधी इंडेक्स उघडा, एवढ्यासाठी हे उदाहरण.

७. दबलाय की होऊन गेलाय

'इन रेमिशन' आणि 'हिस्टरी ऑफ' यांत मोठं अंतर आहे. रेमिशनमधला ल्युकेमिया अजून सी९१ ते सी९५ मध्येच, पाचवं अक्षर १. डॉक्टरने तो पूर्वी होऊन गेल्याचं नोंदवलं आणि आता उपचार नाहीत, तर झेड८५.६. हॉजकिनसाठी झेड८५.७१, नॉन-हॉजकिनसाठी झेड८५.७२.

अडचण अशी की अमेरिकन डॉक्टर 'हिस्टरी ऑफ एएलएल' (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) लिहितात आणि दोन ओळींनंतर चालू मेंटेनन्स केमोथेरपीची गोळी. औषध चालू असलेला आजार इतिहासजमा झालेला नसतो. चित्र स्पष्ट नसेल तर रेमिशन की इतिहास, हे डॉक्टरला विचारा, असं तत्त्वच सांगतं.

८. क्रम

रुग्ण फक्त केमोथेरपीसाठी आला असेल तर झेड५१.११ पहिला, मग आजार. इम्युनोथेरपीला झेड५१.१२, रेडिएशनला झेड५१.०. कर्करोगामुळे रक्त कमी झालं आणि भेट त्या ॲनिमियासाठीच असेल तर आधी कर्करोग, मग डी६३.०. केमोमुळे कमी झालं तर डी६४.८१, आणि इथे क्रम उलटतो, ॲनिमिया आधी. ट्यूमर लायसिस सिंड्रोम ई८८.३, दोन्ही आजारांत दिसतो, सुटू देऊ नका.

९. सराव

उत्तर झाकून वाचा.

पहिला चार्ट: फॉलिक्युलर लिम्फोमा ग्रेड २, मान, काख आणि जांघेत नोड, आज केमोथेरपीसाठी भेट. उत्तर झेड५१.११, मग सी८२.१८.

दुसरा: नऊ वर्षांची मुलगी, अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, रेमिशनमध्ये, मेंटेनन्स चालू, आज फक्त तपासणी. सी९१.०१.

तिसरा: बाह्यरुग्ण, मानेत गाठी, पांढऱ्या पेशी वाढलेल्या, 'लिम्फोमा विरुद्ध ल्युकेमिया, बायोप्सी बाकी'. आर५९.० आणि डी७२.८२९. कर्करोगाचा कोड शून्य.

चौथा: 'सीएलएल/एसएलएल, मानेत नोड, इब्रुटिनिब चालू', सगळ्या नोंदींत तीच रेघ. इब्रुटिनिब दोन्हींना देतात, त्यामुळे औषधाचा उपयोग नाही. हा चार्ट होल्डवर टाकायचा आणि क्वेरी लिहायची. क्वेरीत उत्तर सुचवायचं नाही, कोणत्या कोडला किती पैसे मिळतील याचा उल्लेख तर अजिबात नाही. मी साधारण असं लिहिते: 'आपल्या नोंदीत सीएलएल/एसएलएल असा उल्लेख आहे. मानेतील नोड वाढलेले असून अमुक तारखेच्या रक्ततपासणीचे आकडे सोबत जोडले आहेत. आपल्या वैद्यकीय मतानुसार निदान स्पष्ट करावे: क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा, इतर, सांगता येत नाही. आजाराची सध्याची स्थितीही नमूद करावी.' शेवटचं वाक्य विसरलात तर उत्तर 'सीएलएल' एवढंच येतं, आणि पाचव्या अक्षरासाठी दुसरी क्वेरी पाठवावी लागते.